पाण्यातलं रेकॉर्डिंग

झाकण ओट्यावरून घसरलं आणि फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिलं. मोठ्या पातेल्याचं, स्टीलचं. पाच-सहा सेकंद तरी ते फिरत असेल, आधी मोठ्या वेढ्यात, मग लहान, मग फरशीला चिकटून नुसतं थरथरत, आणि तेवढा सगळा वेळ मी बबडीकडे पाहत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात चटईवर पाठमोरी बसली होती, हातात कपड्यांचा लाकडी चिमटा. तिनं मान वळवली नाही. खांदेसुद्धा हलले नाहीत. चिमटा तोंडात घातला, काढला, निरखून पाहिला, परत घातला. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, काय पडलं हो? मी म्हटलं, झाकण. म्हणजे शेजारणीला ऐकू गेलं होतं. दहा महिन्यांच्या मुली खेळात गुंगलेल्या असल्या की वळत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं, आणि झाकण उचलून, तिच्या मागे उभं राहून, मुद्दाम पुन्हा टाकलं. या वेळी ती वळली. पण मी वाकले होते, माझी सावली तिच्या चटईवर सरकली होती, आणि पायाखालची फरशी हलल्याचंही तिला कळलं असेल. वळून ती हसली. दोन दात, आणि हनुवटीवर लाळ. मी झाकण धुऊन पुसून जागेवर ठेवलं आणि मग कितीतरी वेळ नळ बंद करायचंच सुचलं नाही.

त्याच सकाळी रजिस्टरवाल्या काकांचा निरोप फोनवर येऊन पडला होता. एवढीशी गोष्ट दुसऱ्या एखाद्या सकाळी आली असती तर मी नेहमीसारखी टाळली असती. काका म्हणजे निवृत्त ग्रंथपाल, वय सत्तरीच्या पलीकडे, आणि आमच्या त्या चौघांच्या बँडच्या वेडात बुडालेल्या, फोनवरच्या गटातल्या चाळीस-पन्नास लोकांमधले सगळ्यात शिस्तीचे. त्या चौघांनी बावीस वर्षांत केलेल्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद ते एका जाड रजिस्टरमध्ये ठेवतात: तारीख, जागा, गाण्यांचा क्रम, कुठल्या गाण्यात कोण चुकलं, कुठल्या कडव्यात शब्द बदलले. काकांना मी कधी पाहिलेलं नाही. आमच्यातल्या कोणीच कोणाला फारसं पाहिलेलं नाही. पण गोदामातल्या कार्यक्रमात गाणाऱ्याचा चष्मा पडला तो ‘जिन्याखालची सायकल’च्या आधी की नंतर, यावर आम्ही सलग तीन दिवस भांडलेलो आहोत, आणि वीज गेली त्या कार्यक्रमात अंधारात चौघांनी नुसत्या टाळ्यांवर ‘गच्चीवरचे कपडे’ म्हटलं, त्याचं रेकॉर्डिंग एकमेकांना इतक्या वेळा पाठवलंय की मागच्या बाकावर कोण शिंकतं तेही आता गाण्याचाच भाग वाटतं. काकांनी लिहिलं होतं, ताई, रजिस्टर छपाईला चाललं. सगळं भरून झालं आहे. एकच जागा कोरी आहे, शेवटच्या कार्यक्रमातल्या शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं. तिथं हजर असलेल्या आपल्यापैकी तुम्ही एकट्याच. गुरुवार संध्याकाळपर्यंत आठवेल तेवढं कळवा, एक ओळ आठवली तरी चालेल. मला ते ताई म्हणतात, मी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान असेन. आणि मागच्या वर्षभरात त्यांनी हे मला चार वेळा विचारलं होतं, प्रत्येक वेळी असंच, न रागावता. तेच जास्त लागायचं.

तो कार्यक्रम अवघे दोन दिवस आधी जाहीर झाला होता, दीडशे खुर्च्यांच्या एका जुन्या सभागृहात, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. बाकीचे सगळे लांबचे, कोणाला सुट्टी मिळेना, कोणाला गाडी. चौघं फुटणार हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, म्हणजे त्यांनाही असेल की नाही कोण जाणे. मला सातवा महिना होता. नवरा म्हणाला होता, अगदी जायचंच असेल तर मागं दाराजवळ खुर्ची घेऊन बस, आणि मी म्हटलं होतं, मग काय नाचायला चाललेय का मी. फोन दारातच काढून घेत होते. पण माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ऑफिसचं बोटाएवढं ध्वनिमुद्रक यंत्र होतं. माझं कामच ते. मोठमोठ्या कंपन्यांच्या, संस्थांच्या सभांची ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दशः टाइप करायची. कानात हेडफोन, पायाखाली पट्टी, दाबली की आवाज दोन सेकंद मागे जातो. आमच्याकडे एकच नियम कडक आहे, अंदाज करायचा नाही. शब्द कळला नाही तर मिनिट-सेकंद घालून ‘अस्पष्ट’ लिहायचं आणि पुढं जायचं. आमची मुख्य बाई नव्या मुलींना सांगायची, तुम्हाला काय वाटलं ते तुमच्या डायरीत लिहा, इथं ऐकलं ते लिहा. माझे कान चांगले म्हणून ऑफिसात माझं नाव होतं, आणि या चाळीस-पन्नास लोकांतही तेवढ्याचसाठी होतं. तिथं कोणी माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली नव्हती, मुलगी अंगावर पिते का आणि वजन किती भरलं, हे विचारलं नव्हतं. तिथं मी कान होते.

आणि मी मागं दाराजवळ बसले नव्हते. मागं आवाज विरतो, खुर्च्या कुरकुरतात, रेकॉर्डिंगची माती होते. मी तिसऱ्या रांगेत डावीकडे उभी होते, माणसाहून उंच असलेल्या काळ्या स्पीकरपासून हात लांब केला तर पोचेल इतक्यावर. सतरा गाणी. सोळा गाणी माझ्या हाडांत शिरली. पोटातलं मूल ठोक्यांवर हलत होतं आणि मला त्याची मौज वाटत होती, हेही खरं आहे. तिलासुद्धा आवडतंय असं मी मनात काकांना सांगायची वाक्यं जुळवत होते. मग सोळावं संपताना ढोलवाल्यानं एक जोरात हाणलं आणि पोटात ती दचकली. लाथ ती नव्हती, लाथा मला माहीत होत्या. अख्खी दचकली, जशी झोपेतली व्यक्ती दचकते, आणि मग थांबली. मी हात लावून पाहिला. दोन्ही हात लावले. पुढचं गाणं ‘पत्ता बदलला आहे’ सुरू झालं, लोक ओरडले, आणि मी रांगेतून आडवी बाहेर निघाले, लोकांच्या गुडघ्यांना थटत, माफ करा माफ करा म्हणत, ते त्या ओरड्यात माझं मलाही ऐकू येत नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं ते जाड, गादी लावलेलं दार उघडलं आणि माझ्यामागे लावलं. ते धप्पकन बसलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये जिना होता, मी तिसऱ्या पायरीवर बसले. भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी, समोर स्वच्छतागृहाची पाटी, आणि दारातून झिरपत येणारं ते गाणं, नुसता त्याचा तळ, वरचं सगळं दारानं ठेवून घेतलेलं. अकरा मिनिटं. पोट दगडासारखं. टाळ्या पडल्या तेव्हा ती हलली, हळूच, कूस बदलल्यासारखी. मग मी रडले आणि मग घरी गेले. छान झाला का, नवऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, छान.

टाळ्या संपेपर्यंत यंत्र बंद करायचं राहूनच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सवयीनं मी रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवून दिलं, शेवटचं गाणं कापून टाकू म्हटलं पण कापायला उठावंसं वाटलं नाही, खाली दोन ओळींत खरं काय झालं ते लिहू असंही ठरवलं होतं. तासाभरात कंपाउंडरचं पान भरून लिहिलेलं आलं. कंपाउंडर खरोखरच एका औषधांच्या दुकानात कंपाउंडर आहे, आणि गिऱ्हाईक नसताना तो गाण्यांचे अर्थ लावतो. त्यानं लिहिलं होतं की असं धाडस आजवर कोणी केलेलं नाही, अख्खा कार्यक्रम लख्ख आवाजात करून शेवटचं गाणं त्यांनी पाण्यात बुडवलं. आधी तो एकच ठोका, जणू तळाला काहीतरी टेकलं, आणि मग सगळं पाण्याखालून, म्हणजे ज्याचा पत्ता बदललाय तो आता कुठे राहतो ते पाहा. खाली एकेक जण लिहीत गेला. एकीनं लिहिलं की तिचे वडील गेल्यापासून ती प्रथमच पोटभर रडली. कोणीतरी त्या सभागृहात गेलेल्या एका माणसाला शोधून काढलं, गाण्यातलं फार न कळणाऱ्या. तो म्हणाला, आवाज कसा होता म्हणजे? गाण्यासारखा होता. त्यावर आम्ही सगळे हसलो. मीही हसले, आणि त्या हसण्यात माझे दोन ओळी लिहायचे दिवस निघून गेले. महिनाभरात चौघं फुटले, गाणारा कोणाशी बोलेनासा झाला, आणि ते रेकॉर्डिंग ‘पाण्यातलं’ या नावानं आमच्यातलं सगळ्यात मोठं होऊन बसलं. कंपाउंडरनं तर तो ठोका फोनची घंटी म्हणून लावला. त्याला फोन आला की माझ्यामागे लागलेलं दार पुन्हा एकदा लागत असेल, त्या बाटल्यांच्या आणि गोळ्यांच्या दुकानात.

शेवटच्या कडव्यात शब्द नवे होते एवढं कळतं. नेहमीचं कडवं आहे, ‘पत्ता बदललाय, पाटी तीच ठेवलीय’, त्याची लांबी वेगळी, श्वास वेगळ्या जागी. हे त्यातून कोणालाही ओळखता येतं. शब्द मात्र येत नाहीत. बबडी झाल्यावर, तिला पाजताना, एका कानात बटण घालून मी ते कडवं किती वेळा मागे नेलं असेल याची मोजदाद नाही. कधी ‘खिडकी’ वाटायचं, कधी ‘किल्ली’. एकदा मी अख्ख्या चार ओळी रचल्या. वाईट नव्हत्या. काकांना पाठवल्या असत्या तर रजिस्टरात गेल्या असत्या, कंपाउंडरनं त्यांच्यावर दोन पानं लिहिली असती आणि कोणी ओळखलं नसतं. पाठवल्या नाहीत त्यात माझा फार मोठेपणा नव्हता. त्या टाइप करून झाल्यावर बोटं आपोआप कंसात मिनिट-सेकंद घालायला गेली, इतकंच.

झाकण पडल्यापासून गुरुवारपर्यंतचे तीन दिवस मी मुलीवर पाळत ठेवली. पाळतच म्हणायला हवं. तिच्या मागे जाऊन चमचे वाजवले, कागद चुरगळला, दाराआडून हाक मारली, आरशात तिचा चेहरा दिसेल अशा जागी बसून मागून शीळ घातली. कधी वळायची, कधी नाही. जितक्या वेळा वळली त्या सगळ्याला मी काहीतरी दुसरं कारण शोधून काढलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं आमच्या घरात सगळ्यांना उशिरानंच ऐकू येतं, ह्याला तरी अजून कुठे येतंय. फोन स्पीकरवर होता, नवराही हसला. जन्मल्या जन्मल्या तपासणीत पास झाली होती ना, असं तो दोनदा म्हणाला, जसं काही मुलगी एक परीक्षा पास झाली की पुढच्या वर्गातच बसते. त्याचं चुकत नव्हतं. त्याला तिसरी रांग माहीत नव्हती. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तो काळा स्पीकर उभा होता आणि त्याच्यासमोर कोटाची बटणं न लागणारी एक बाई, खुशीत डोलणारी. मी तिच्याकडे मागून पाहत होते आणि तिला हाक मारत होते आणि ती वळत नव्हती.

गुरुवारी सकाळी कानांच्या तपासणीला गेलो, तिथं आधी एक फॉर्म होता. नवऱ्याच्या मांडीवर बबडी, म्हणून मी भरला. कुटुंबात कोणाला बहिरेपण, प्रसूती कशी, कावीळ झाली होती का. आठवा प्रश्न, गरोदरपणात मोठ्या आवाजाशी संबंध. मी ‘नाही’वर खूण केली. पेनही अडखळलं नाही. मग आम्हाला आत घेतलं. खोलीच्या भिंतींना करडी गादी लावलेली होती, दारालाही, आणि ते दार लागताना तसंच धप्पकन बसलं. तपासणारी बाई माझ्याहून लहान असेल, केस मागे घट्ट बांधलेले, दिवसभरात सतरा आयांना तेच सांगून दमलेली. तिनं सांगितलं, मुलीला मांडीवर घ्या, डावीकडून उजवीकडून आवाज येतील, ती वळली की त्या बाजूच्या पेटीतलं माकड दिव्यात नाचेल. तुम्ही मात्र दचकायचं नाही. मुलं आईच्या अंगावरून ओळखतात. तुम्हाला ऐकू आलं हे तुमच्या मांडीला कळता कामा नये. आणि तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवला, त्यात नुसती खरखर, पाऊस पडून राहिल्यासारखी.

इतकी वर्षं हेडफोन घातला तो ऐकण्यासाठी. आता मी खरखरीत बसले होते, मांडीवर नऊ किलो ऊब, आणि काचेपलीकडे त्या बाईचं बोट बटणावर जाताना दिसत होतं. बोट दाबलं जायचं. बबडी समोरच्या लाकडी ठोकळ्याशी खेळायची. बोट पुन्हा दाबलं जायचं. माझी मान आतल्या आत वळत होती, प्रत्येक वेळी, आणि मी ती धरून ठेवत होते. मांडी दगडासारखी. मला आठवलं की जिन्यावर मी याच्या उलट बसले होते. तेव्हा ती आत निपचित होती आणि मी बाहेरून वाट पाहत होते, की हल. एकदाचं डावीकडचं माकड नाचलं. मग कितीतरी वेळ काही नाही. मग उजवीकडचं. नवरा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून माकडाकडे पाहून हसत होता, नाचलं म्हणजे चांगलं एवढंच त्याला कळत होतं, आणि तेही खरंच होतं. शेवटी बाईनं कानात मऊ टोकाची एक नळी धरली, यंत्रातून कागद निघाला. इथं डोंगर यायला हवा, ती बोटानं दाखवत म्हणाली. कागदावर सपाट रेघ होती.

मी हेडफोन काढला होता तरी मला खरखर ऐकू येत होती. बाईनं फॉर्म पुढं ओढला, एकेक प्रश्न परत वाचत गेली, आणि आठव्याला आली तेव्हा मी म्हटलं, हो.

“इथं नाही लिहिलंय तुम्ही.”

“एकदा. सातव्या महिन्यात. गाण्याच्या कार्यक्रमात स्पीकरच्या शेजारी उभी होते. दीड तास.”

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रेघेकडे पाहत राहिले. बाईनं खोडून ‘हो’ केलं, तारीख घातली, मग पेन ठेवून म्हणाली की एका संध्याकाळनं असं सहसा होत नाही, आणि हे तर ते नाहीच. मागच्या महिन्यात सर्दी झाली होती का? झाली होती, दोनदा. मग तेच. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय, दोन्हीकडे, या वयाच्या खूप मुलांना होतं, बहुतेकांचं आपोआप ओसरतं. कानाच्या डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांनी इथं परत या. मी विचारलं, म्हणजे तिला आत्ता कसं ऐकू येतं. बाईनं जरा विचार केला. मला वाटतं हे तिला फार आया विचारत नसाव्यात.

“दार लावून घेतल्यावर बाहेरून ऐकू येतं ना,” ती म्हणाली, “तसं. कोणी बोलतंय एवढं कळतं. काय ते नाही.”

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नवऱ्याला वाटलं, तो दारातून बाहेर पडता पडता बबडीच्या पोटात डोकं खुपसून तिला हसवू लागला. मी फक्त दमले होते, वर्षभराचं, आणि बाहेरच्या बाकावर टेकले. काहीतरी जड खाली ठेवलं की हातांना काही वेळ तो भार तसाच जाणवत राहतो, तसं. नवरा येऊन शेजारी बसला. त्याच्या गप्प बसण्यात काय आहे ते मला नेहमी कळतं, आज कळत नव्हतं.

“कितव्या रांगेत?”

“तिसऱ्या. डावीकडे.”

“मागं खुर्ची घेऊन बसणार होतीस.”

“हो.”

तो बबडीच्या मोज्याची सुटलेली गाठ बांधत राहिला. नंतर एकदा यावर बोलायचं आहे हे त्याच्या बोटांवरून कळत होतं. मग म्हणाला, “एवढं केलंस तर ते शेवटचं कडवं तरी नीट ऐकायचंस. काका वर्षभर मागतायत बिचारे.”

“ऐकलंच नाही,” मी म्हटलं. “बाहेर येऊन बसले होते, जिन्यावर. ही हलत नव्हती म्हणून. ते गाणं दाराबाहेरचं आहे.”

तो हसेल असं मला वाटलं. त्यानं नुसता बबडीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाणी आणायला गेला. मी तिथंच, एका हातानं तिला धरून, दुसऱ्यानं लिहिलं. काकांना वेगळं लिहिलं नाही, सगळ्यांनाच लिहिलं. की शेवटचं गाणं कोणी पाण्यात बुडवलं नव्हतं. मी सभागृहाबाहेर होते, यंत्र माझ्या खिशात होतं, तो ठोका ढोलाचा नाही, दाराचा आहे. शेवटच्या कडव्याचे शब्द मला माहीत नाहीत आणि कधीच नव्हते. एवढे दिवस सांगितलं नाही याबद्दल माफी मागते. पाठवलं आणि फोन पालथा घालून बाकावर ठेवला, जसं मूल खाली ठेवतात, आवाज न करता.

घरी पोचेपर्यंत कोणीच काही लिहिलं नव्हतं. मग जिच्या वडिलांबद्दल होतं ती गटातून निघून गेली, एक अक्षर न लिहिता. तिच्या नावापुढची ती बारीक राखाडी ओळ मी बराच वेळ पाहत होते. आणखी दोघं गेले. कोणीतरी लिहिलं, बोळा फिरवा आता सगळ्यावर. चार वाजून गेल्यावर काकांचं आलं. त्यांनी विचारलं होतं, ताई, दार एका झडपेचं होतं की दोन? आणि मुलगी कशी आहे? मी लिहिलं, दोन झडपांचं, गादी लावलेलं. मुलीच्या कानात पाणी झालंय, ओसरेल म्हणतात. थोड्या वेळानं त्यांनी रजिस्टरातल्या पानाचा फोटो पाठवला. कोऱ्या जागेत त्यांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात होतं: गाणे सतरावे, दाराबाहेरून ध्वनिमुद्रित, ऐकणारी जिन्यावर. शेवटचे कडवे अस्पष्ट. कंपाउंडरचं काही आलं नाही. संध्याकाळी फक्त एक ओळ आली, माझ्या एकटीला. घंटी बदलत नाही, त्यानं लिहिलं होतं, दार तर दार.

बबडी चटईवर बसली होती, चिमटा घेऊन, पाठमोरी. मी तिला मागून हाक मारली नाही. फिरून समोर जाऊन बसले, तपासणाऱ्या बाईनं निघताना सांगितलं होतं तसं, तोंडावर उजेड येईल अशी. मग तिला उचलून छातीशी घेतलं, तिचा कान माझ्या गळ्याखालच्या हाडाला टेकला, आणि मी ‘पत्ता बदलला आहे’ म्हणायला लागले, हळू, हाड घुमेल इतपतच. ती चिमटा चावायची थांबली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. शेवटच्याला आले तेव्हा शब्द नव्हते, मी नुसती चाल पुढं नेली, जिन्यावरून ऐकली होती तेवढी, श्वास त्याच जागी घेत. तिनं मान मागे घेतली, ओला हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, पुढचं काय म्हणून.

“अस्पष्ट आहे गं,” मी तिला सांगितलं, तिला ओठ दिसतील असं, आणि तिचा कान परत हाडाला टेकवला.